दक्षिणेचा वारा पडतो तेव्हा

आमच्या पैनाहामाच्या किनाऱ्यावर कुणी नवा माणूस पतंग घेऊन आला, की त्याला आधी मित्सुएकडे पाठवतात. पतंग म्हणजे मुलांचा कागदी नव्हे. हवा भरून फुगवायचा, लांब दोऱ्यांनी कमरपट्ट्याला अडकवायचा आणि पायाखाली फळी घेऊन त्याच्या ओढीने समुद्रावर धावायचं, तो पतंग. मित्सुए त्या माणसाला पतंगाचं काहीच विचारत नाही. त्याला समुद्राकडे पाठ करून उभं करते.

"समोर काय आहे?"

"सुरूची झाडं."

"त्यांच्या वर?"

"आभाळ. मोकळंच आहे."

"मोकळं आहे तोवर खेळ. पण दर थोड्या वेळाने मान वळवून इकडे बघायचं. आमच्याकडे तुफान येतं ते आठवडाभर जगाला सांगून येतं, खिडक्यांना फळ्या ठोकायला वेळ मिळतो. माणूस नेणारी हवा मात्र मागून येते, जमिनीवरून."

नवखे लोक हसतात, मान डोलावतात. मग गावातलं कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगतं, की नेनेचा नवरा असाच गेला. नेने म्हणजे आमच्याकडे मोठी बहीण. मित्सुएहून वयाने मोठी माणसंही आता तिला नेनेच म्हणतात.

माझं सोबा-नूडल्सचं दुकान समुद्राच्या बांधाला लागूनच आहे. मित्सुए आणि मी एका आळीतल्या. लहानपणी दोघींनी मिळून ऊस तोडला आहे. ती शेतकऱ्याची मुलगी, लग्न होईपर्यंत तिला पोहताही येत नव्हतं. कोळ्याच्या घरात पडली तेव्हा तिचा सासरा, गेन्सेई ओजी (म्हाताऱ्या माणसाला आम्ही ओजी म्हणतो), चारचौघांत म्हणाला होता, "उसाच्या बुडख्यातली पोर आणलीय मुलाने. ओहोटी कुठली न् भरती कुठली, हिला शिकवण्यात माझं म्हातारपण जाणार." ओजी तरुणपणी बोनिटो मासळीच्या मोठ्या बोटीवर होता. त्या बोटी बंद पडल्यावर एक लहान इंजिनाची होडी घेऊन तो प्रवाळाच्या रांगेआतल्या उथळ पाण्यात ऑक्टोपस धरायचा आणि समुद्रशेवाळ काढायचा.

मुलगा मोरिओ समुद्रावर गेला नाही. तो सहकारी संस्थेची बर्फाची गाडी चालवायचा. एके वर्षी मोठ्या जपानातून काही माणसं पतंग घेऊन आमच्या किनाऱ्यावर आली. मोरिओ बांधावर गाडी लावून बघत उभा राहिला, तो उभाच. गाडीतून पाण्याची धार लागली, रस्त्यावर ओहोळ झाला. मी दुकानातून ओरडले, "मोरिओ, तुझा बर्फ समुद्राला मिळाला रे!" तरी त्याने मागे पाहिलं नाही.

वर्षभरात तो त्या लोकांइतकाच तरबेज झाला. टॅक्सी चालवणारा त्याचा दोस्त उएझु त्याच्या मागोमाग शिकला. आणि सगळ्यांना नवल वाटलं ते मित्सुएचं. आधी ती पोहायला शिकली, मग पतंग चालवायला. अंगाने बारकी, त्यामुळे लहान पतंगही तिला पुरायचा, आणि ती दोघांच्याही पुढे निघून जायची. रविवारी तिघं मिळून पाहुण्यांना शिकवायला लागली.

गेन्सेई ओजीला हे काही पटलं नाही. "आम्ही जन्मभर वाऱ्याच्या तावडीतून सुटायला बघितलं, आणि ही पोरं त्याला कमरेला बांधून घेतात," तो म्हणायचा. दर वर्षी चंद्राच्या दुसऱ्या महिन्यात, म्हणजे ऊसतोड संपत येते त्या सुमाराला, तो मोरिओला बजावायचा, "निंगाची काजिमाईचे दिवस आहेत. जपून." दुसऱ्या महिन्यातला वाराफेर, असा त्याचा अर्थ. या दिवसांत दक्षिणेचा ऊबदार वारा वाहता वाहता एकाएकी पडतो आणि उत्तरेचा गार वारा भिंतीसारखा येऊन आदळतो. आमच्या बेटावर अशी घरं कमी, ज्यांचं कुणी या वाराफेरात गेलेलं नाही.

"ओतो, आता फोनवर सगळं कळतं," मोरिओ बापाला म्हणायचा.

"फोन तुझ्यासोबत पाण्यात येतो का?"

"नाही."

"मग?"

दोघं हसायचे आणि विषय तिथेच राहायचा.

तो दिवसही रविवारच होता. दक्षिणेचा वारा दोन दिवस लागून होता. दमट, चिकट हवा. माझ्या दुकानाच्या भिंतींना घाम फुटला होता, जमिनीवर पाय चिकटत होते. पतंगवाल्यांना मात्र मौज होती, कारण वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे एकसारखा येत होता. मोरिओ आणि उएझु प्रवाळाच्या कडेपलीकडे लाटांवर खेळत होते. मित्सुए उथळ पाण्यात एका पाहुणीला शिकवत होती.

आधी तिच्या हाताला कळलं. पतंगाच्या दोऱ्या बांधलेल्या दांडीवरची ओढ सैल पडू लागली, पतंग आभाळात लचकू लागला. तिने सहज मागे पाहिलं. सुरूच्या शेंड्यांवर, उत्तरेला, पट्टी लावून ओढावी तशी ढगाची काळसर निळी कड वर येत होती. तिने पाहुणीचा पतंग खाली उतरवला, त्याच्यावर वाळू टाकली आणि पाण्यात गुडघाभर जाऊन शिट्टी फुंकायला लागली. मी चुलीपुढून बाहेर आले ते ती शिट्टी ऐकून.

उएझु परतत होता. मोरिओ लांब होता, पण तोंड आमच्याकडेच होतं. त्याने हात वर केला. मित्सुएने दोन्ही हात हलवले, पुन्हा शिट्टी मारली. मोरिओ वळला आणि पुन्हा लाटेवर गेला.

आणि मग वारा पडला. इतका, की मागच्या शेतात ऊस तोडायचं यंत्र चाललेलं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. मोरिओचा पतंग हळूच पाण्यावर बसला. त्याला वाटलं असेल, आजचा खेळ संपला, दोऱ्या गुंडाळून निवांत पोहत येऊ. मित्सुए ओरडत होती, "सोड! पतंग सोड मोरिओ, सगळा सोड!"

माझ्या मानेला गार हवा लागली. माशांचं थंडगार कोठार उघडल्यावर येते तशी. दुसऱ्या क्षणी सुरूची सगळी झाडं समुद्राकडे वाकली. दुकानाचा एक पत्रा उडाला. मोरिओचा लाल पतंग पाण्यावरून उसळला, आणि त्याच्याबरोबर मोरिओ. तो एकदा लाटेच्या वर दिसला. पुन्हा एकदा दिसला, बराच पुढे. मग नुसता पतंग दिसत राहिला. मग तोही नाही.

तटरक्षकांनी शोधलं, गावच्या सगळ्या होड्या गेल्या. पतंग दक्षिणेला खूप लांब एका मासेमारी बोटीला सापडला. मोरिओ सापडला नाही. आमच्याकडे समुद्रात गेलेल्याची हाडं मिळाली नाहीत, तर किनाऱ्यावरची प्रवाळाची खडी त्याच्या नावाने वेचतात आणि तीच थडग्यात ठेवतात. गेन्सेई ओजीने ती वेचली. ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसून, एकेक खडा तळव्यावर उलटसुलट करून. जणू त्यातले काही त्याचे होते आणि काही परके.

मित्सुए रडली नाही. "मोरिओ गेला" असं तिने कधी म्हटलं नाही. "त्याने ऐकलं नाही" एवढंच म्हणायची. कुणी सांत्वनाला आलं आणि नशिबाच्या गोष्टी करू लागलं, की म्हणायची, "नशीब नव्हतं. ढग होता. मी दाखवला, त्याने बघून हात हलवला आणि पुन्हा गेला." उएझुचं नाव मात्र लोक कौतुकाने घेत. नेनेची शिट्टी ऐकून वेळेवर आला म्हणून वाचला, असं. उएझु त्यानंतर वर्षभर किनाऱ्याकडे फिरकला नाही. पुढे यायला लागला, पण मित्सुए असली की दुरूनच मान लववून जायचा.

एका घरात सून आणि सासरा, दोघंच. जेवायला समोरासमोर बसायचे आणि भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. मित्सुएने पतंग माळ्यावर टाकले आणि शेवाळ धुण्याच्या कामाला जाऊ लागली.

पुढच्या वर्षी ऊसतोड संपत आली तशी ती एका सकाळी बांधावर येऊन बसली. कामाला गेली नाही. पाण्यात पाचसहा पतंग होते, हवा चांगली होती, आणि ती पाण्याकडे पाठ करून उत्तरेकडे बघत बसलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ओजी काठी टेकत आला आणि तिच्याशेजारी बसला. मी जाईचा चहा घेऊन गेले.

"काय बघतेस?" ओजीने विचारलं. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी प्रश्न विचारला होता.

"ढग."

"तो ढग नव्हे, नुसता धुरकटपणा. खालचा ढग बघ. कुठून येतोय?"

"दक्षिणेकडून."

"आणि त्याच्या वरचा, विरळ?"

मित्सुए बराच वेळ बघत राहिली. "पश्चिमेकडून. आडवा चाललाय."

"हां. खालचा एकीकडे, वरचा दुसरीकडे. दोघांचं पटत नसलं की घरात भांडण होतंच. आज नाही होणार. उद्या-परवा बघ."

तिथून त्याने तिला शिकवायला सुरुवात केली. आपलं म्हातारपण जाणार म्हणाला होता, ते खरंच तिला शिकवण्यात जाऊ लागलं. उन्हाळ्यातली सर कशी ओळखायची: ढगाचं बूड सपाट आणि काळं आहे का, त्याखाली पावसाचा पडदा दिसतो का, आणि त्या पडद्यापुढे पाण्यावर पांढरी रेघ धावत येते का. रेघ दिसली की पतंग उतरवायला उशीर झालेला असतो, म्हणून काम पडदा दिसतानाच करायचं. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला तर गडगडाटाची वाट बघायची नाही, कारण ओल्या दोऱ्या धरून उभा असलेला माणूस विजेला आयताच सापडतो. वाऱ्यात एकाएकी गार झुळूक लागली, ओल्या मातीचा वास आला, उकाडा नको इतका वाढला, पक्षी एकाच दिशेने जमिनीकडे निघाले, तर कारण शोधत बसायचं नाही. आणि सगळ्यांत वाईट, चांगला लागलेला वारा विनाकारण पडणं.

"वारा वाढला की माणूस घाबरतो, बाहेर येतो," ओजी म्हणायचा. "पडला की तिथेच तरंगत राहतो. मरतो तो असा."

मित्सुएकडे फोनवरचा पावसाचा नकाशाही असायचा. ओजीला त्याचं कौतुक वाटे. "तैवानपलीकडचं आम्हाला कुठे दिसायचं? तुझा डबा चांगला आहे. दाखव, आज काय म्हणतोय?" मग दोघं डोक्याला डोकं लावून तो नकाशा बघत.

ओजीने होडीवरचं एक जुनं नारिंगी कापड बांबूला बांधून दिलं. ते वर गेलं की सगळ्यांनी उतरायचं, असं मित्सुएने किनाऱ्यावर सांगून टाकलं. हा अधिकार तिला कुणी दिला नव्हता.

काहींनी ऐकलं. पुष्कळांनी नाही. निशाण वर जायचं आणि पुष्कळदा काहीच घडायचं नाही. एका उन्हाळ्यात तिने सगळ्यांना बाहेर काढलं आणि ढग आमच्यावर न येता शेजारच्या बेटावर जाऊन बरसला. आमच्याकडे लख्ख ऊन, झकास वारा. लोक माझ्या दुकानात येऊन बसले आणि चिडचिड करू लागले. ओनिशी म्हणून एक ओसाकाचा माणूस, तो मोरिओच्या नंतर इथे येऊन पतंग शिकवायला लागला होता. माणूस सरळ, पण तोंडाने फटकळ.

"नेने," तो म्हणाला, "तुमच्या दुःखाचा मान आहे मला. पण हे लोक सुट्टी काढून येतात. सावली पडली की तुम्ही बांबू उभा करता. उद्या माझ्या छत्रीलाही ढग म्हणाल."

दोनचार जण हसले.  मित्सुए उठली, सगळ्यांपुढे मान लववली आणि गेली. मी तिच्या मागे बांधापर्यंत गेले. ओजी तिथे बसलाच होता. तिचा चेहरा बघून त्याने ओळखलं.

"हसले?"

"हसले."

"चांगलं झालं. खोटी ठरलीस त्या दिवशी घरी येऊन गोडाधोडाचं कर. खरी ठरलीस त्या दिवशी आपल्या घरात चूल पेटली नव्हती, ते तुला माहीत आहे."

त्या संध्याकाळी तिने खरोखरच काळ्या गुळाचे गोळे तळले आणि एक ताटली ओनिशीकडे पाठवली. ओनिशीने ताटली परत आणून दिली तेव्हा खाली बघूनच दिली.

अशीच काही वर्षं गेली. मग एका दुसऱ्या महिन्यात ओनिशीने पैनाहामाला शर्यत भरवली. बरीच माणसं आली, उएझुही किनाऱ्यावर होता. सकाळी ओनिशीने सगळ्यांना वाळूत बसवून हवेचा अंदाज नीट वाचून दाखवला. वारा संध्याकाळी उत्तरेला फिरणार, आपण दुपारीच आटपू, असं सांगितलं. त्यात चूक काहीच नव्हती. मी दुकान उघडलं तर भिंतींना पाणी सुटलेलं.

मित्सुए आणि ओजी बांधावर होते. शर्यत सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. मित्सुए खाली उतरून ओनिशीकडे गेली.

"आटपतं घे."

"अंदाज संध्याकाळचा आहे नेने. नकाशावर बघा, पाऊस कुठेच नाही."

"मीपण बघितला. पाऊस नाही, नुसता वाराच येतोय. आत्ताचा वारा पश्चिमेकडे सरकलाय बघ, तुझी शर्यतीची निशाणं कशी उडतायत ती बघ. आणि मागे बघ."

ओनिशीने मागे बघितलं. सुरूच्या वर अजून कड आली नव्हती. नुसता तिकडच्या आभाळाचा रंग बदलला होता, जुन्या जखमेसारखा. 

"खोटी ठरलात तर मला या लोकांना तोंड दाखवता येणार नाही."

"माझं नाव सांग. मला सवय आहे."

मित्सुएने बांबू उभा केला. आणि हे ओनिशीचं मोठेपण म्हणायचं, की एकदा ठरल्यावर त्याने मागेपुढे पाहिलं नाही. तो पाण्यात धावत गेला, एकेकाचा पतंग धरून उतरवत गेला, शिव्या खात गेला. बायामाणसांनी वाळू भरभरून पतंगांवर टाकली. सगळे आले, एक उएझु सोडून. शर्यतीत तो नव्हताच. तो प्रवाळापलीकडे, जुन्या जागी, एकटा लाटांवर गेला होता. धुरकट उजेडात निशाण त्याला दिसत नसणार.

वारा पडला. उएझुचा पतंग लांबवर पाण्यावर बसला.

मी मित्सुएकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. ओजी केव्हाच उठून होडीचा दोर सोडत होता. ऐंशीला टेकलेला माणूस.

"ओतो, तुम्ही नाही," ती म्हणाली.

"इंजिन कुणाचं ऐकतं? तुझं?"

ती पाण्यातून चालत गेली आणि होडीत चढली. मोरिओ गेल्यापासून तिने समुद्रात पाय घातला नव्हता.

पुढचं मला तिनेच सांगितलं. समुद्र तेलासारखा सपाट होता. प्रवाळातल्या वाटेने ओजीने होडी भरधाव काढली. उएझु दोऱ्या गुंडाळत बसला होता, दांडीला अर्ध्याअधिक गुंडाळूनही झाल्या होत्या. होडी बघून त्याने हात हलवला. "अरे, कशाला त्रास घेतलात? येतच होतो पोहत!"

"सोड ते!"

"झालंच नेने, एवढं गुंडाळलं की—"

"लाल मूठ ओढ आणि सोड! पाठीचा पट्टापण काढ! उएझु, मागे बघ!"

उएझुने किनाऱ्याकडे बघितलं. कड आता सुरूच्या वर उभी होती. त्याने पतंग सोडवायची मूठ ओढली, पतंगाला धरून ठेवणारा पाठीचा पट्टाही काढला. पण गुंडाळलेल्या दोरीचा एक वेढा त्याच्या मनगटात अडकला होता. मित्सुए होडीतून वाकली. ओजीने ऑक्टोपस कापायचा सुरा तिच्या हातात दिला. ती दोरी कापत असतानाच गार हवा आली, तिला मानेवर कळली. शेवटची दोरी तुटली, तिने उएझुला काखेत धरून वर ओढलं, आणि वारा आदळला.

पतंग पाण्यावरून उठला. एक कोलांटी, दुसरी, मग वर चढला आणि दोऱ्या फरफटवत दक्षिणेकडे निघून गेला. ती आणि उएझु, दोघंही बघत राहिले. ओजीने बघितलं नाही. त्याने होडीचं तोंड उत्तरेला धरलं होतं आणि तो इंजिनाशी बोलत होता. जनावराशी बोलावं तसं, हळू. पाण्याचे सपकारे तोंडावर येत होते, होडी पुढे जातेय की मागे ते कळत नव्हतं. सरळ किनाऱ्याला येणं अशक्य होतं. ओजीने इंच इंच करत ती भूशिराच्या कड्याखाली नेली, तिथे वारा डोक्यावरून जातो. नांगर टाकला. मग तो इंजिनाला टेकून बसला.

उएझु होडीच्या तळाशी बसून कुडकुडत होता. मित्सुएने आपलं जाकीट त्याला दिलं. तो ते घेईना.

"नेने, मला तुम्हाला एक सांगायचंय. कधीचंच सांगायचंय."

"आधी जाकीट घाल."

"त्या दिवशी मी तुमची शिट्टी ऐकून आलो नव्हतो. मला शिट्टी ऐकूच आली नाही. मला भूक लागली होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मोरिओला म्हटलं, मी जाऊन सोबा खातो, तू ये. लोक इतकी वर्षं म्हणतायत, उएझुने ऐकलं म्हणून वाचला. मी गप्प बसलो."

मित्सुए त्याच्याकडे बघत राहिली. "पण त्याने हात वर केला. माझ्याकडे बघून."

"मी निघालो तेव्हा ना? तो मला केला. 'माझापण एक वाडगा सांगून ठेव' म्हणाला. तुमच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. वारा तोंडावर होता नेने, आमच्याकडून तुमच्याकडे. तुमचा आवाज आमच्यापर्यंत येणार कसा?"

वाऱ्याच्या तोंडावर आवाज जात नाही, हे ती दर नवख्याला सांगते. हात हलवायचे, निशाण दाखवायचं, ओरडण्यात दम घालवायचा नाही, असं शिकवते. आणि इतक्या वर्षांत त्या एका दिवसाला ते लावून बघायचं तिला सुचलं नव्हतं. त्याचा हात वर गेलेला दिसला होता, तेवढंच तिने धरून ठेवलं होतं. शिट्टी ऐकूनही तो गेला, या रागावर ती उभी होती.

ओजी इंजिनाशीच बसला होता. त्याने सगळं ऐकलं. तो उएझुला एवढंच म्हणाला, "भूक लागली ते बरं झालं. नाहीतर दोघांची खडी वेचावी लागली असती मला." त्यात राग नव्हता. उएझुने तोंड गुडघ्यांत घातलं.

वारा थोडा ओसरल्यावर ओनिशी मोठी होडी घेऊन भूशिरापाशी आला आणि तिघांना ओढून आणलं. किनाऱ्यावर सगळे उभे होते. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. ओनिशीने ओजीला पाठीवर घेतलं आणि बांध चढून माझ्या दुकानात आणलं. ओजी त्याच्या पाठीवरून म्हणत होता, "अरे उतरव, मी काय शेवाळाची पाटी आहे?"

उएझुला दवाखान्यात नेलं. ओजी चुलीजवळ बसल्या बसल्या पेंगायला लागला. मित्सुए ओल्या कपड्यांनीच कोपऱ्यातल्या चटईवर बसली. मी तिला माझे कपडे दिले, सोब्याचा वाडगा पुढे ठेवला. तिने तो संपवला. दुसरा मागितला, तोही संपवला. मग होडीत काय झालं ते तिने मला सांगितलं. सलग नाही, मधेच थांबत, पुन्हा मागे जात. शेवटी म्हणाली, "अगं, मी त्याच्यावर इतकी रागावले होते, की थडग्यावरसुद्धा त्याच्याशी बोलले नाही. नुसतं ताट मांडून यायची."

"मग आता बोल," मी म्हटलं.

"काय बोलू? इतक्या वर्षांचं साचलंय."

आणि मग ती रडली. लहान मुलासारखी, आवाज करून. दुकानात ओले, थकलेले लोक बसले होते. त्यांनी आपापल्या वाडग्यांत बघितलं. ओनिशी उठून बाहेर गेला आणि उगाच दाराचा पत्रा ठोकत बसला. ओजी जागा झाला. तो सुनेच्या शेजारी सरकला, पण तिला हात लावला नाही. आमच्याकडची त्या पिढीची माणसं लावत नाहीत. तो नुसता शेजारी बसून राहिला.

रडून झाल्यावर ती तिथेच, चटईवर आडवी झाली आणि झोपली. बाहेर उत्तरेचा वारा सुरूच होता. मी पांघरूण घालायला गेले, तर ओजीने बोट ओठांवर धरलं.

"झोपू दे," तो म्हणाला. "आज हवेकडे मी बघतो."